पीएचडी मुंबईला की पुण्याला?

मे महिना उजाडला की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. एमए किंवा एमएस्सी झालेलं असतं, नेटची परीक्षा निघालेली असते किंवा निघायच्या बेतात असते, आणि घरच्यांनी विचारायला सुरुवात केलेली असते. मग फोन येतो, "सर, मुंबई विद्यापीठ बरं की पुणे?" मी उलट विचारतो, "विषय काय?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "विषय अजून पक्का नाही, पण विद्यापीठ कोणतं घ्यावं?"

सगळी गडबड इथेच होते. या दोन्ही विद्यापीठांत संशोधनाचा पसारा एवढा मोठा आहे की विषय न सांगता त्यांची तुलना करायची, तर दादर मोठं की डेक्कन मोठं असं विचारण्यासारखं होईल. तरी विचारलंच आहे, तर सांगतो. माझं रजिस्ट्रेशन एका विद्यापीठात होतं आणि निम्मं काम दुसऱ्याच्या ग्रंथालयात झालं, त्यामुळे पक्षपात करायचाच तर कोणत्या बाजूने करावा हे मलाही नीट ठरवता येत नाही.

आधी नियमांचं आटोपून घेऊ, कारण तिथे फरक जवळजवळ नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२चे पीएचडी नियम दोन्हीकडे सारखेच आहेत: कमीत कमी ३ वर्षं, साधारण जास्तीत जास्त ६, कोर्सवर्क, सहा-सहा महिन्यांनी आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, हजेरी. प्रोफेसरकडे एका वेळी ८ विद्यार्थी, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४. शोधनिबंध छापून आणायची सक्ती या नियमांनी काढली. चांगले गाईड तो अजूनही लिहून घेतातच. प्रबंध शेवटी दोन्हीकडचा शोधगंगावर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच जातो.

आता विषयांकडे.

मुंबई विद्यापीठ १८५७चं. राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृह वगैरे फोर्टातलं वैभव फोटोंपुरतं; बहुतेक विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत आहेत. या विद्यापीठाचं संशोधनातलं खरं घराणं समाजविज्ञानांचं. समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. नगररचनेत रमलेला हा माणूस. विभागाचं मूळ नावच समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असं होतं. १९२४ला गो. स. घुर्ये आले आणि पुढची कित्येक वर्षं देशातलं समाजशास्त्र बऱ्याच अंशी इथूनच घडलं. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे हे सगळे घुर्ये यांचे विद्यार्थी. इरावतीबाई पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात गेल्या, म्हणजे मुंबई-पुणे वाद घालणाऱ्यांची तिथेच पंचाईत होते.

अर्थशास्त्राचंही तेच. १९२१ सालचा विभाग. चं. न. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६मध्ये सरकारी नियोजनाचे शिल्पकार महालनोबिस यांच्या अवजड उद्योगांच्या मॉडेलला उत्तर म्हणून मजुरांच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंवर भर देणारी मांडणी केली, ती याच विभागातून. नियोजन आयोगाने ती मानली नाही, ते सोडा. सरकारच्या ऐन भराच्या काळात 'तुमचं चुकतंय' असं पुस्तकभर लिहायची सवय या विभागाला होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अशी परंपरा आज कामाला येते का? थोडीफार येते. पण मुंबईचा मोठा फायदा विभागात नाही, गेटबाहेर आहे. स्थलांतर, झोपडपट्टी पुनर्वसन, गिरण्यांच्या जमिनी, बंदर, लोकलमधली फेरीवाली बाई, शेअर बाजार, सिनेमाचा धंदा यांपैकी कशावर काम करणार असाल तर फील्डवर्कला बस पकडून जाता येतं आणि संध्याकाळी परत येऊन टिपणं लिहिता येतात. हे सोपं वाटतं, पण पुण्यात बसून मुंबईवर प्रबंध लिहिणाऱ्याला विचारा. महिन्यातून दोनदा पहाटेची गाडी, मुलाखत द्यायचं कबूल केलेला माणूस ऐन वेळी गावाला गेलेला, आणि पुढच्या आरएसीत 'डेटा कमी आहे' हा शेरा.

कागदपत्रांचंही तसंच. एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, कामा इन्स्टिट्यूट हे सगळं फोर्टात पायी फिरण्याच्या अंतरावर आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. वसाहतकाळातलं शहर, व्यापार, छापखाने, पारशी समाज असा विषय असेल तर दुसरीकडे जायचं कारणच नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मुंबई विद्यापीठ नुसतं मुंबईचं नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. दशावतार, कातळशिल्पं, देवराया, मच्छीमारांच्या सोसायट्या यांवर काम करायचं तर नाव मुंबईचं असलं तरी विद्यापीठ कोकणाचंच आहे. सावंतवाडीच्या मुलाला पुण्याची ओढ का असते हे मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण ते संशोधनाचं कारण नसतं.

विज्ञानात मात्र मुंबईची गोष्ट जरा उदास आहे. १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच माटुंग्याचा यूडीसीटी. रंग, तेलं, औषधं, पॉलिमर अशा उद्योगाशी थेट जोडलेल्या संशोधनाचं देशातलं एक मोठं केंद्र. रघुनाथ माशेलकर तिथले पीएचडी. २००८मध्ये ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली. आज तिला आयसीटी म्हणतात. हे तिच्या दृष्टीने योग्यच झालं असेल, पण विद्यापीठाच्या विज्ञानातला सर्वात ठळक भाग बाहेर पडला तो पडलाच. कालिन्यात आज नॅनोविज्ञानाचं केंद्र आहे, अणुऊर्जा विभागाबरोबर २००७मध्ये सुरू केलेलं मूलभूत विज्ञानांचं केंद्र आहे, जीवशास्त्राचे विभाग आहेत. पण शहरातलं बडं विज्ञान कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), आयआयटी, भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) अशा आपापल्या कुंपणांत बसलेलं आहे. कुलाब्याहून कालिन्याला चहा प्यायला कोणी येत नाही.

पुण्यात नेमकं उलट आहे, आणि पुण्याच्या बाजूने बोलायचं तर मी इथूनच सुरुवात करीन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९चं, म्हणजे मुंबईपेक्षा ९२ वर्षांनी लहान. गणेशखिंडीत चारशेहून अधिक एकर जागा, मध्यभागी जुन्या गव्हर्नरांचा बंगला. जागा मुबलक होती म्हणून शेजारी चांगले मिळाले. १९८८मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली ती याच आवारात. तिला लागून एनसीआरए, म्हणजे खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी संस्था. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती दुर्बीण पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर आहे. पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र एनसीसीएस आवारातच. पाषाण रस्त्याला लागलात की रसायनशास्त्राची एनसीएल, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर, हवामानशास्त्राची आयआयटीएम. जीवविज्ञानाची आघारकर संस्था विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर.

याचा रोजचा अर्थ काय? भौतिकशास्त्र विभागातला मुलगा दुपारी आयुकातलं व्याख्यान ऐकतो, प्रश्न विचारतो, नंतर कँटीनमध्ये त्याच वक्त्याशेजारी थाळी घेऊन बसतो. त्याचा गाईड तो विषय शिकवत नसला तरी चालतं. विभागाची कमतरता शेजार भरून काढतो, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

शिवाय विद्यापीठाच्या पदवीसाठी विद्यापीठाच्याच विभागात बसावं लागतं असं नाही, हेही लक्षात घ्या. आघारकर किंवा एनसीसीएससारख्या मान्यताप्राप्त केंद्रांतून काम करून पुणे विद्यापीठाची पीएचडी घेता येते. मुंबईतही ही सोय आहे: परळची हाफकिन संस्था, तिथलीच प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था, पक्षी-प्राण्यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस). जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वन्यजीव हा विषय असेल तर विभागांची यादी नंतर पाहा, आधी मान्यताप्राप्त केंद्रांची यादी काढा. तिथे अनेकदा चांगल्या जागा रिकाम्या असतात आणि मुलांना ठाऊकच नसतं.

पुण्याच्या भूगोल विभागाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण भूगोल म्हटलं की लोक नकाशे भरणं समजतात. विश्वास काळे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी अशा नद्यांच्या प्राचीन पुरांवर काम केलं. मोठा पूर येतो तेव्हा काठावरच्या कोपऱ्यांत, उपनद्यांच्या तोंडाशी पाणी थबकतं आणि तिथे बारीक गाळाचा एक थर टाकून ओसरतं. पुढचा तेवढाच मोठा पूर त्यावर आणखी एक थर घालतो. या थरांची उंची आणि वय काढलं की माणसाने नोंदी ठेवायला लागण्याच्या कितीतरी आधीच्या पुरांचा हिशेब लागतो. धरण बांधताना हाताशी शंभर वर्षांच्याही नोंदी नसतात, तेव्हा हा हिशेब कामाला येतो. असं काम करायला महाग प्रयोगशाळेपेक्षा नदीकाठी चिखलात उभं राहायची तयारी जास्त लागते.

संस्कृत, प्राकृत, मराठा इतिहास यांसाठी पुणे. यावर वाद नको. विद्यापीठात संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र आहेच, पण भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, डेक्कन कॉलेजात १९४८पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर गावातच आहेत. जुन्या कागदपत्रांची मोडी लिपी येत नसेल तर शिकवणारेही इथेच सापडतील.

राज्यशास्त्र आणि स्त्री-अभ्यासातही पुण्याने स्वतःचं काही उभं केलं. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांच्या काळात महाराष्ट्राचं राजकारण निवडणूक सर्वेक्षणांच्या आकड्यांसह वाचायची रीत पडली. शर्मिला रेगे यांनी स्त्री-अभ्यास केंद्रात जात आणि लिंगभाव एकत्र शिकवले, मराठीतले लेख आणि पुस्तिका अभ्यासक्रमात आणल्या. ही माणसं आज विभागात नाहीत. त्यांचे विद्यार्थी मात्र महाराष्ट्रभर शिकवताहेत, आणि कदाचित तुम्हाला हवा असलेला गाईड त्यांच्यातच असेल.

वाणिज्य आणि व्यवस्थापन? दोन्हीकडे प्रबंधांचा ढीग आहे. 'अमुक जिल्ह्यातील तमुक बँकेच्या ग्राहकांचे समाधान' या साच्यात अडकणार असाल तर कुठेही करा.

पैशाचं सांगायलाच हवं. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. गंमत अशी की भत्त्याच्या वर्गवारीत मुंबई आणि पुणे एकाच गटात बसतात, म्हणजे टक्के सारखेच. कालिना-सांताक्रूझच्या घरमालकांना ही वर्गवारी कोणी कळवलेली नाही. वसतिगृह मिळालं नाही तर मुंबईत कॉटबेसिस, म्हणजे खाटेपुरतं भाडं, किंवा रोज कल्याण-कालिना. पुण्यात औंध-बाणेर महागलं, तरी तिघांत एक फ्लॅट जमतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप असेल तर हप्ते वेळेवर येतीलच असं धरून भाडेकरार करू नका.

क्रमवारीचं विचाराल, तर केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत पुणे बरीच वर्षं मुंबईच्या पुढे होतं. त्या क्रमवारीत शोधनिबंध आणि उद्धरणं मोजली जातात, त्यामुळे विज्ञानातलं बळ दिसतं. मराठी नियतकालिकात आलेला तुमचा लेख तिथे कोणी मोजत नाही.

आणि गाईड. माझा गाईड विषयातला दादा माणूस होता. दीड वर्षात निवृत्त झाला. नव्या गाईडना माझा विषय पटला नाही, मग शीर्षकबदलाचा अर्ज, पुन्हा आरएसी, पुन्हा सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा. एक अख्खं वर्ष कागद फिरवण्यात गेलं. आता निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही असा नियम आहे. तरी स्वतः विचारून घ्या. लाजू नका.

गेल्या वर्षी भाचीने विचारलं तेव्हा मी तिला सल्ला दिला नाही, शोधगंगा उघडून दिली. तिचा विषय घरकामगार स्त्रिया. तिच्या यादीत दोन गाईड होते, एक मुंबईतले, एक पुण्यातले. म्हटलं, दोघांच्या शेवटच्या तीन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध काढ. निष्कर्ष वाचू नको, ते सगळ्यांचे चांगलेच असतात. आधी ऋणनिर्देशाचं पान वाच. नोंदणीचं साल आणि सादर केल्याचं साल यांत किती अंतर आहे बघ. गाईडचे आभार एका छापील ओळीत उरकलेत, की 'तिसरं प्रकरण चार वेळा परत लिहायला लावलं' असं काही लिहिलंय? कोणत्या ग्रंथालयाची, कोणत्या वस्तीची, कोणत्या संघटनेची नावं आलीत?

तिने दोन रात्री सहा प्रबंध चाळले. पुण्याच्या गाईडच्या एका विद्यार्थिनीने ऋणनिर्देशात लिहिलं होतं की मुलाखती घ्यायला मॅडम स्वतः तीन वेळा वस्तीत आल्या होत्या. भाची राहते ठाण्याला. तिने पुण्याचा फॉर्म भरला.