एका वायरचा, दोन वायरचा की बिनवायरचा? पेसमेकर ठरवताना

आईची नाडी 34 वर आली, त्या संध्याकाळी हॉस्पिटलात आमच्या हातात एक कागद ठेवला गेला. त्यावर तीन ओळी होत्या: सिंगल चेंबर, ड्युअल चेंबर, लीडलेस. प्रत्येकीपुढे रक्कम. "सकाळपर्यंत सांगा," एवढंच बोलणं झालं. बाबा रकमा बघत बसले, भाऊ बॅटरी किती वर्षं टिकते ते शोधत होता. खरा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता: आईच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट चालताहेत का? आज कुणाच्या हातात तसाच कागद असेल, तर निम्मा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ठोका वर सुरू होतो, उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमध्ये. आधी वरचे कप्पे आकसतात आणि सेकंदाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने खालचे. वरच्यांच्या त्या शेवटच्या रेट्याने खालचे कप्पे पुरते भरतात. सिंगल चेंबरची एकच वायर बहुतेकदा खालच्या कप्प्यात बसते आणि तिला वर काय चाललंय याचा पत्ता नसतो. ड्युअलची दुसरी वायर वर असते, त्यामुळे आधी वर, मग खाली हा क्रम राखला जातो.

आता बिघाड कुठे आहे ते बघा. एएफ (एट्रियल फिब्रिलेशन) कायमचं असेल, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरत असतील, तर वरच्या वायरला पकडायला ठोकाच नाही. तिथे एक वायर पुरते. अशा पेशंटला दोन वायरचा सांगितला असेल तर कारण विचारा, अगदी स्पष्ट विचारा.

सायनस नोडच मंदावला असेल, तर माझं मत ठामपणे ड्युअलच्या बाजूने आहे. 'मोस्ट' नावाचा 2,010 रुग्णांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांना ड्युअल यंत्रच बसवलं होतं, पण निम्म्यांचं सेटिंग सिंगलसारखं ठेवलं होतं. मृत्यू आणि पक्षाघात दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. पण ड्युअल सेटिंगवाल्यांना एएफ कमी झालं, आणि सिंगल सेटिंगवरच्या 18 टक्के लोकांना इतका त्रास झाला की सेटिंग बदलावं लागलं. दम लागणं, घेरी येणं, मानेत ठोके उडणं असा तो त्रास. वरचा कप्पा बंद झडपेवर जोर लावतो म्हणून तो होतो. त्या रुग्णांचं सेटिंग बाहेरून, टाका न घालता बदलता आलं. खरोखरीचा सिंगल बसवलेल्या माणसाला त्यासाठी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागतं.

हार्ट ब्लॉकचं गणित वेगळं आहे. तिथे ठोका वर होतो, खाली पोहोचत नाही. ब्रिटनमधल्या 2005 च्या अभ्यासात सत्तरीपुढच्या 2,021 रुग्णांना सिंगल किंवा ड्युअल दिला होता. आयुष्यमानात फरक पडला नाही, आणि बसवतानाच्या गुंतागुंती ड्युअलमध्ये सुमारे दुप्पट होत्या. वायर दोन म्हटल्यावर सरकण्याची शक्यताही वाढते. म्हणून पंच्याऐंशीच्या, घरातल्या घरात चालणाऱ्या आजोबांना सिंगल घातला तर मुलांनी पैसे वाचवले असं मनाला लावून घेऊ नका. पण रोज मंडईत जाणारा, जिना चढणारा माणूस असेल तर ड्युअल. चालताना त्याचा स्वतःचा वरचा ठोका वाढतो आणि यंत्र त्याच्या मागोमाग जातं.

लीडलेसकडे, म्हणजे बिनवायरच्या पेसमेकरकडे, सगळ्यांचं लक्ष जातं, आणि का जाऊ नये? वजन जेमतेम 2 ग्रॅम, लांबी सुमारे 2.6 सेंटिमीटर. मांडीतल्या शिरेतून नेऊन थेट हृदयात बसवतात. छातीवर ना छेद, ना फुगवटा. आईसारख्या बारीक अंगकाठीच्या बाईला वायरवाल्या पेसमेकरची कॉलरबोनखाली बसणारी बॅटरीची डबी ब्लाउजच्या शिवणीखाली, ब्राच्या पट्टीखाली घासते. आईने पहिले दोन महिने तिथे मऊ सुती रुमालाची घडी ठेवली होती. डॉक्टरांना आधी सांगितलं तर डबीची जागा थोडी इकडेतिकडे करता येते, डावखुऱ्या माणसाची उजवीकडेही बसवता येते. हे आम्हाला नंतर कळलं.

शिवाय पेसमेकरचा खरा नाजूक भाग म्हणजे वायर. दिवसाला लाखभर ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला ती वाकते. डबीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर डबी आणि वायर दोन्ही काढाव्या लागतात, आणि जुनी, शिरेला चिकटलेली वायर काढणं जोखमीचं काम आहे. म्हणून डायलिसिसवरचा पेशंट, आधी असा संसर्ग झालेला, किंवा ज्याच्या शिरा बंद आहेत, त्याच्यासाठी लीडलेसचा विचार पहिला व्हावा.

पण सगळ्यांना तो नको. सर्रास बसवला जाणारा लीडलेस फक्त खालच्या कप्प्यात असतो. 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका मॉडेलला वरच्या कप्प्याची हालचाल ओळखून मागोमाग ठोका देता येतो, पण वरचा ठोका सुरू करता येत नाही. सायनस नोडच्या दुखण्यात नेमकं तेच हवं असतं. दोन तुकड्यांचा, वर-खाली दोन्हीकडे बसणारा लीडलेस अमेरिकेत 2023 मध्ये मान्य झाला. किंमत साध्या पेसमेकरच्या कित्येक पट. बसवताना हृदयाच्या भिंतीला भोक पडण्याचा धोका थोडा असला तरी गंभीर आहे, आणि वयस्कर, कमी वजनाच्या बायकांत तो जास्त. बॅटरी संपली की जुना सहसा तिथेच ठेवून शेजारी नवा बसवतात. डबीवाल्यात वायर तशाच राहतात, छोटा छेद घेऊन डबी तेवढी बदलतात. चाळिशीच्या पेशंटने हा हिशेब आत्ताच मांडावा.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमचा पेसमेकर बसतो. आरोग्यमित्राला गाठा आणि कुठला प्रकार बसतो हे ऑपरेशनआधी पक्कं करा. एमआरआय चालेल का, हेही त्याच वेळी विचारा. डबी आणि वायर दोन्ही चालणाऱ्या लागतात. डबीवाला असेल तर मोबाईल तिच्यापासून वीतभर लांब आणि इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर. मिक्सरला घाबरायचं कारण नाही. आणखी एक गोष्ट, बोलायला जड, पण घरात एकाला तरी माहीत हवी: दहनाआधी डबी काढून घ्यावी लागते, चितेत बॅटरी फुटते.

सकाळी आम्ही डॉक्टरांना तो वरच्या कप्प्यांचा प्रश्न विचारला. त्यांनी तोच कागद उलटा केला, चार चौकोन काढले, वरच्या दोनांवर 80 लिहिलं आणि खालच्यांवर 34. पाच मिनिटं लागली. आई एकाहत्तरची, भाजी स्वतः आणणारी. आम्ही ड्युअल सांगितला.