टूर तीन स्टार, तो खडक पाच स्टार

नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांकडून सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या यलोनाइफची ऑरोरा (उत्तरेच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) टूर केली. नाव टाकत नाही, माणसं चांगली आहेत, फक्त घाई फार. ऑरोरा चारपैकी दोन रात्री दिसला, दुसऱ्या रात्री तर हिरवा पडदा असा काही हलत होता की ग्रुपमधल्या काकूंनी चक्क हात जोडले. त्याचे पूर्ण मार्क. जेवण ठीक, राजमा जरा जास्तच झाला.

सिटी टूर मात्र नावालाच. एअरपोर्टजवळ चौथऱ्यावर फुगलेल्या नाकाचं एक भलंमोठं विमान उभं आहे. मॅनेजर म्हणाला "जुनं विमान आहे, बसमधूनच फोटो काढा" आणि बस पुढे! अरे बाबा, ते ब्रिस्टल फ्रेटर आहे, मॅक्स वॉर्डच्या वॉर्डएअर या विमान कंपनीचं, 1967 ला उत्तर ध्रुवावर उतरलेलं चाकांचं (बर्फावर घसरणाऱ्या स्कीचं नव्हे) पहिलं विमान. हे मला हॉटेलवर जाऊन मोबाइलवर वाचावं लागलं. या वॉर्डने 1946 ला एका छोट्या फॉक्स मॉथवर तिथे धंदा सुरू केला, 1932 ला जेआरडी कराचीहून जुहूला आले त्या पुस मॉथच्याच कंपनीचं विमान. पॅसेंजर पुढे, पायलट मागे, म्हणजे आपल्या रिक्षाच्या बरोब्बर उलटं.

शेवटच्या दिवशी 'शॉपिंगसाठी' तीन तास मोकळे होते. हिला तलावाचा फोटो हवा होता म्हणून ओल्ड टाउनमधल्या 'द रॉक' नावाच्या खडकाचा लाकडी जिना चढलो, गुडघे बोलायला लागले, आणि वर बघतो तर बुश पायलटांचं स्मारक. रस्ते नव्हते तेव्हा विमानाला उन्हाळ्यात फ्लोट (पाण्यावर तरंगणारे पाय) आणि हिवाळ्यात स्की लावून टपाल, औषधं, माणसं नेणारे हे लोक, त्यात जे गेले त्यांच्यासाठी. कडाक्याच्या थंडीत रात्री इंजिनातलं ऑइल काढून ठेवायचे आणि सकाळी तापवून परत ओतायचे म्हणे, आणि इथे पावसात स्कूटर एका किकमध्ये सुरू झाली नाही की मी वैतागतो. तिथे उभे असतानाच खाली एक सीप्लेन पाण्यावर दोन पांढऱ्या रेघा ओढत उतरलं. पाच मिनिटं ही फोटो काढायचंच विसरली.

परत आल्यावर ऑफिसात जाऊन सांगितलं की हा स्टॉप आयटिनररीत टाका, फुकट आहे. तर म्हणे "सर, सिनिअर सिटिझन असतात, तिथे लिफ्ट नाहीये."

काकू आमच्या आधी वर पोचल्या होत्या.