रेवदंड्याच्या खाडीतली जिताड्याची जुनी जागा आणि तिथे नेणारी होडी

कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे साळावच्या पुलाजवळ, रेवदंड्याच्या बाजूच्या बंदरावरून एक कोळी कुटुंब हौशी मंडळींना गळाने मासे धरण्यासाठी खाडीत घेऊन जाते. या सेवेला नाव नाही, पाटी नाही. बंदरावर गळवाल्यांची होडी कुठे, असे विचारले की कोणीही घर दाखवते. या खाडीत मी लहानपणापासून मासे, विशेषतः जिताडा हा खाडीतला मोठा शिकारी मासा, धरत आलो आहे आणि अलीकडे याच होडीने जातो, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या फेरीवरून बनलेला नाही. मासा मिळेलच असा शब्द हे लोक कोणालाही देत नाहीत. पण योग्य पाण्याला योग्य जागी नेऊन बसवण्यात त्यांचा हात धरणारा मला आजवर भेटलेला नाही.

योग्य जागा म्हणजे माझ्या लेखी एकच. साळावच्या काठाने थोडे आत गेले की तिवरांच्या रांगेतून एक ओहळ खाडीला येऊन मिळतो आणि त्याच्या तोंडाशी ओहोटीला उघडे पडणारे, कालवांनी भरलेले काळे खडक आहेत. आमच्या घरात त्या जागेला नुसते ‘खडक’ म्हणत. वडील आणि थोरले काका तिथे वल्ह्याच्या होडीने जात. रॉड आणि रील तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. लाकडी फळकुटावर गुंडाळलेली तंगूस म्हणजे गळाची दोरी, शिशाचे वजन आणि मोठी गरी म्हणजे आकडा, एवढाच सरंजाम असे. तंगूस बोटावरून सैल सोडायची आणि तिच्यातून खाली काय चालले आहे ते ओळखायचे, हे काकांनी मला तिथेच शिकवले. शिंगाळी जड आणि सरळ ओढते, चिंबोरी म्हणजे खेकडा आमिष नुसते चिवडत राहते, आणि जिताडा एकच ठोका देऊन असा पळतो की तंगुशीने बोट कापले जाते. दुपारी होडीतच तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायची आणि पाणी फिरण्याची वाट पाहायची, यापेक्षा वेगळे सुख त्या वयात मला ठाऊक नव्हते. पुढे वडील गेले, होडी विकली गेली आणि जागा बराच काळ दुरावली.

म्हणूनच या होडीत पहिल्यांदा बसल्यावर मी तांडेलकाकांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या या कुटुंबातल्या काकांना, त्या ओहळाचे वर्णन सांगू लागलो आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांनी होडीचे तोंड तिकडे वळवले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. जागा जशीच्या तशी राहिली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ओहळाच्या तोंडाशी गाळ साचला आहे आणि पूर्वी जिथे सुकतीला म्हणजे ओहोटीलाही होडी तरंगत असे तिथे आता अर्धे पाणी उतरले की तळ लागतो. खडक तेच आहेत, आणि ओहळातून पाणी उतरू लागले की बोय हे लहान मासे आणि कोळंबी तिवरांच्या मुळांतून बाहेर येऊन ज्या वळणावर गोळा होतात, ते वळणही तेच आहे. जिताडा तिथेच दबा धरून असतो.

वेळेच्या बाबतीत तांडेलकाका मोबाइलवरच्या कोष्टकापेक्षा तिथीवर अधिक भरवसा ठेवतात. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला सुमारे 3 वाजता, अष्टमीला सुमारे 6 वाजता, आणि तिथून साधारण 6 तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेले पाणी, असते, ओढ कमी असते, गढूळपणा कमी असतो, आणि भरती पहाटे पुरी होत असल्यामुळे उजाडता उजाडता ओहळ उतरू लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत त्याच जागी शिसे तळाला टिकत नाही. कोणी अमावास्येची सकाळ मागितली तर ते स्पष्ट शब्दांत नको म्हणतात आणि आलेले गिऱ्हाईक परत पाठवतात. या व्यवसायात हा गुण मला दुर्मीळ वाटतो. दरही ते तासावर न लावता एका पाण्यावर, म्हणजे एका भरती-ओहोटीच्या फेरीवर लावतात, त्यामुळे घड्याळाकडे पाहून गळ गुंडाळण्याची घाई कोणी करत नाही.

आमिषासाठी त्यांचा मुलगा वाटेतच पाग म्हणजे फेकायचे जाळे टाकून जिवंत कोळंबी धरतो. गरी कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखालून, आत दिसणाऱ्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता आरपार काढायची असते. ठिपक्याला गरी लागली तर कोळंबी तिथेच मरते आणि मेलेल्या कोळंबीकडे जिताडा क्वचितच वळतो. ज्यांना हे जमत नाही त्यांना तो मुलगा न कंटाळता पुन्हा पुन्हा दाखवतो. गरीच्या वर हातभर जाड तंगूस बांधण्याचा त्याचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरचे झाकण पात्यासारखे धारदार असते आणि पाण्याबाहेर उडी मारून त्याने डोके झटकले की बारीक दोरी सहज तुटते.

मोठा जिताडा ते परत सोडायला लावतात, यावरून काही गिऱ्हाइके नाराज होतात. माझे मत ठामपणे तांडेलकाकांच्या बाजूचे आहे. हा मासा बहुधा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा मासा जवळपास नेहमी अंड्यांवर येणारी मादीच असतो. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घातली जातात आणि पिल्ले ओहळांतून आत निमखाऱ्या आणि गोड्या पाण्याकडे चढतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, शेतातल्या तळ्यांत जिताडे वाढवण्याची जी जुनी रीत आहे, ती याच पिल्लांवर उभी आहे. यंत्रचलित होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, पण हे कुटुंब गळाच्या फेऱ्या नारळी पौर्णिमेपर्यंत बंद ठेवते. लहान आणि मध्यम मासा घेऊन जाता येतो. हवे असल्यास घरच्या वहिनी त्याचे आगरी-कोळी मसाल्यातले कालवण करून भाकरीबरोबर वाढतात. या जेवणासाठी मी अलिबागेतली कोणतीही खानावळ सोडीन.

आता उणिवा. होडी फायबरची आणि मजबूत आहे, पण सावलीची सोय नाही, आणि नऊनंतरचे ऊन डोक्यावर घेण्याची तयारी हवी. जीवरक्षक जाकिटे प्रौढांच्या मापाचीच आहेत. लहान मुलांसाठी ती आणावीत असे मी त्यांना सांगितले आहे आणि इथेही सांगतो, कारण भांगाच्या पाण्यातही खाडीच्या मधोमध ओढ असते. स्वच्छतागृह बंदरावर नाही. भाड्याने मिळणारे रॉड जुने आहेत आणि त्यांच्या रिळांना गंज चढला आहे, तेव्हा स्वतःचे साहित्य असल्यास तेच न्यावे.

मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रोने गाडीसह येता येते. अलिबागहून रेवदंडा सुमारे 17 किलोमीटर आहे. पहाटेची भरती साधायची असल्यास आदल्या रात्री मुक्कामाला यावे. होडी सांगताना तारखेऐवजी तिथी सांगावी, दोघांपेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत, आणि तिवरांतल्या ओहळाच्या तोंडाशी जायचे आहे एवढे कळवावे. पुढचे तांडेलकाका पाहून घेतात.