दोन बॅटऱ्यांची बोट: सिलेक्टर स्विच, व्हीएसआर, डायोड की डीसी-डीसी चार्जर? बिघाड शोधायच्या नजरेने

बोटीत दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनसाठी आणि एक लाईट-पंप-जीपीएससाठी, तरीपण सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक, असं झालं की आपण सगळ्यात आधी नवीन बॅटरी आणतो. मीपण तेच केलं होतं. सिलेक्टर (कुठली बॅटरी वापरायची ते ठरवणारा स्विच) १ वर असला की इंजिन लगेच उचलायचं, २ वर ठेवलं की नाही, म्हणून दोन नंबरची बॅटरी बदलली आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं की दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह जोडणारी वायर बारीक होती. लाईट चालायला ती पुरत होती पण सेल्फचा करंट तिच्यातून जाईना, सेल्फ मारताना तिच्या दोन टोकांत दोन व्होल्टच्या वर पडत होते. बॅटरी बिचारी चांगली होती.

म्हणून दोन बॅटऱ्यांची सिस्टीम कुठली घ्यावी असं कोणी विचारलं की मी फीचर नाही बघत, भर पाण्यात ती बंद पडली तर बिघाड सापडेल का एवढं बघतो.

निवडायच्या आधी एक रीडिंग घ्या. चार्जिंग बंद करून काही तास थांबायचं (लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि फसगत होते), मग साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.७ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. सेल्फ मारताना बॅटरीच्या पोलवर ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्या, पण पोलवर ११ आणि सेल्फच्या बोल्टवर ९ असेल तर दोष मधल्या केबलचा, लगचा (केबलच्या टोकाची धातूची कडी) नाहीतर स्विचचा, तिथे कितीही महागडी सिस्टीम बसवा काही उपयोग नाही.

आता पर्याय. सगळ्यात जुना म्हणजे १-२-बोथ-ऑफ वाला गोल सिलेक्टर. याच्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, त्यामुळे बिघाड शोधणं फार सोपं, १ वर चालतं आणि २ वर नाही म्हणजे अर्धा शोध तिथेच संपला. पण हा माणसावर अवलंबून आहे, आणि माणूस विसरतो. रात्री नांगर टाकल्यावर बोथ वर राहिला की सकाळी दोन्ही बॅटऱ्या एकदमच बसतात, म्हणजे दुसरी ठेवायचा हेतूच गेला. कायम बोथ वर चालवणाऱ्यांना अजून एक त्रास होतो, एका बॅटरीचा सेल गेला की ती चांगल्या बॅटरीलाही खाली ओढते आणि दोन्ही खराब वाटायला लागतात, तेव्हा दोन्ही सुट्या करूनच मोजायच्या. आणि इंजिन चालू असताना हा स्विच चुकूनही ऑफ वर नेऊ नका की ऑफ वरून फिरवू नका, अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बॅटरीच दिसत नाही, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जातात. कधीतरी कोणीतरी असं केलेलं असतं आणि चार्जिंग का होत नाही म्हणून आपण वायरिंग तपासत बसतो.

व्हीएसआर म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले, माझ्या मते लेड-ॲसिडच्या बहुतेक छोट्या-मध्यम बोटींना हाच घ्यावा. इंजिन बॅटरी साधारण १३.३ ला पोचली की तो दुसरी जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की सोडतो, बरोबर आकडे कंपनीप्रमाणे थोडे इकडेतिकडे. याच्या जोडीला प्रत्येक बॅटरीचा वेगळा ऑन-ऑफ स्विच आणि अडचणीला दोन्ही जोडणारा एक वेगळा स्विच ठेवायचा. तपासायला इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग दोन्ही बॅटऱ्यांवर मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं तर ठीक. एकीकडे १४.२ आणि दुसरीकडे १२.५ असेल तर रिले जोडतच नाहीये, पण लगेच तो फेकून देऊ नका, आधी त्याची बारीक काळी निगेटिव्ह वायर बघा, नव्वद टक्के वेळा असं मी नाही म्हणणार पण मला स्वतःला तीच सुटलेली सापडलीये, मग लाईनमधला फ्यूज. उलटा बिघाड म्हणजे रिले चिकटतो: इंजिन बंद करून वरवरचा चार्ज उतरू द्या, मग लाईट-पंप लावा, इंजिन बॅटरीचं व्होल्टेजपण सोबत उतरत असेल तर रिले सुटत नाहीये. छोट्या आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) चार्जिंग करंट कमी असतो, त्यावर फ्रीज वगैरे चालू असेल तर रिले लागतो-सुटतो-लागतो असं करत राहतो, तो बिघाड नाही, लोड जास्त आहे.

डायोड आयसोलेटर (चार्जिंगचा करंट दोन्ही बॅटऱ्यांकडे जाऊ देतो, पण एकीतून दुसरीत नाही) थोडक्यात सांगतो कारण आता नव्याने बसवावा असं मला वाटत नाही. साध्या डायोडमध्ये ०.६-०.७ व्होल्ट जातात, म्हणजे अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला १३.५ मिळतात, ती वर्षभर अर्धपोटी राहते आणि प्लेटवर सल्फेट चढतं. आधीच बसवलेला असेल तर इंजिन चालू असताना इनपुट आणि दोन्ही आउटपुट मोजा, एका आउटपुटला इनपुटइतकंच व्होल्टेज दिसलं तर तो डायोड शॉर्ट, नुसतं बॅटरीचंच व्होल्टेज दिसलं आणि चार्जिंगचं वाढत नसेल तर तो ओपन म्हणजे आतून तुटलेला.

डीसी-डीसी चार्जर (इंजिनकडचं व्होल्टेज घेऊन दुसरी बॅटरी तिला हव्या त्या व्होल्टेजने चार्ज करणारा डबा) मात्र लिथियम टाकणार असाल तर घ्याच. लिथियम आयर्न फॉस्फेट चार्जिंग नसतानाही १३.२-१३.३ ला असते, म्हणजे व्हीएसआरला वाटतं चार्जिंग चालूय आणि तो सोडतच नाही, शिवाय ती करंट इतका ओढते की छोटा अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जर करंटवर मर्यादा ठेवतो. पण बिघाड शोधायला हा सगळ्यात किचकट, आत काय झालं कळत नाही. तीन जागा बघायच्या: इनपुट फ्यूज, इग्निशनची सिग्नल वायर, आणि चार्जिंग चालू असताना चार्जरच्याच टर्मिनलवरचं इनपुट व्होल्टेज. तिसरं लोक विसरतात. बॅटरीवर १३.९ आणि चार्जरवर १२.६ म्हणजे वायर बारीक आहे, व्होल्टेज कमी दिसलं की तो स्वतःच बंद होतो, करंट थांबला की व्होल्टेज परत चढतं, परत चालू, परत बंद, आणि आपण चार्जर खराब म्हणून परत पाठवतो.

काहीही निवडलं तरी तळातलं पाणी काढणाऱ्या ऑटोमॅटिक पंपाची वायर मेन स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून स्वतःच्या फ्यूजसकट घ्या, ती कधीच बंद व्हायला नको. त्यामुळे स्विच ऑफ असूनही बॅटरी उतरत असेल तर पहिला संशय याच लाईनवर. सगळे स्विच ऑफ करून निगेटिव्ह काढा, मीटर अँपिअरवर घेऊन मध्ये लावा (तेव्हा सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल), ५० मिलिअँपिअरपण दिवसाला १.२ अँपिअर-तास खातात, दोन महिने उभ्या बोटीत सत्तरच्या वर गेले. एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यावर आकडा पडला ती लाईन.

पेट्रोल इंजिन असेल तर रिले आणि स्विच स्पार्क-प्रूफ (ठिणगी बाहेर पडून पेट्रोलची वाफ पेटणार नाही अशा) बनावटीचेच घ्या आणि टर्मिनल सोडायच्या आधी इंजिनची जागा उघडून हवा खेळू द्या. केबल टिन केलेल्या तांब्याची, लग नीट क्रिंप केलेले. लगच्या गळ्याशी हिरवं दिसलं तर आवरण थोडं सोलून बघा, आत तांबं काळं पडलं असेल तर ती केबल बदलायची, घासून चालत नाही.