कर सल्लागाराच्या ऑफिससाठी कीपासएक्ससी: पाचपैकी साडेचार

इचलकरंजीत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. यंत्रमागवाले, सायझिंगवाले, सूत व्यापारी अशा पार्ट्यांचे जीएसटी, इन्कम टॅक्स आणि पीएफचे पासवर्ड आमच्याकडे असतात. आमच्या धंद्यात हे सगळं सर्रास एखाद्या एक्सेल शीटमध्ये पडलेलं असतं आणि ते मला मुळीच पटत नाही. लोकांनी विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती.

कीपासएक्ससी हे पासवर्ड सांभाळून ठेवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो. नोंदणी नाही, वर्गणी नाही, कुणाचा सर्व्हर नाही. सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) फाइलमध्ये आणि ती फाइल आपल्याच मशीनवर. 2022 मध्ये लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेच्या क्लाउडवरून ग्राहकांच्या व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांचे, बॅकअप चोरीला गेले, त्यात वेबसाइटचे पत्ते तर एन्क्रिप्टसुद्धा केलेले नव्हते. इतरांचे पासवर्ड मी तरी क्लाउडवर ठेवणार नाही.

रोजच्या वापरात हे सॉफ्टवेअर फार विचार करून बनवलेलं वाटतं. प्रत्येक पार्टीचा वेगळा ग्रुप करता येतो. पासवर्ड कॉपी केला की दहा सेकंदांत क्लिपबोर्ड साफ होतो. ज्या साइटवर पेस्ट चालत नाही तिथे ऑटो-टाइप स्वतः अक्षरं टाइप करून देतं. पोर्टलने नवा पासवर्ड घेतलाच नाही, तर जुना त्या नोंदीच्या हिस्टरीत सापडतो; रिटर्नच्या शेवटच्या तारखेला याची किंमत कळते. आणि सपोर्टवाला रिमोटवर मशीन घेतो तेव्हा विंडोजवर त्याला कीपासएक्ससीची विंडो दिसतच नाही. ही सोय आपण मागायच्या आधीच चालू असते.

अर्धा गुण कापला तो मोबाइलसाठी. त्यांचं स्वतःचं मोबाइल ॲप नाही. अँड्रॉइडवर कीपासडीएक्स हे वेगळं ॲप तीच फाइल उघडतं, पण फाइल इकडून तिकडे नेणं आपल्यालाच बघावं लागतं. मास्टर पासवर्ड, म्हणजे ही फाइल उघडायचा पासवर्ड, विसरलात तर कुणीही मदत करू शकत नाही. आमचा बंद पाकिटात लॉकरमध्ये आहे.

2024 च्या मे महिन्यात डेबियनमध्ये (ही लिनक्सची एक आवृत्ती) कीपासएक्ससीवरून मोठा वाद झाला. डेबियनसाठी हे सॉफ्टवेअर तयार करून देणाऱ्याने ब्राउझर जोडणी (ब्राउझरमध्ये पासवर्ड आपोआप भरायची सोय), नेटवर्क वगैरे सगळं काढून टाकलं आणि पूर्ण आवृत्तीला वेगळं नाव दिलं. पासवर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड जितका कमी तितका धोका कमी, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण अपडेट घेतल्यावर लोकांची ब्राउझर जोडणी अचानक बंद पडली, त्याचं काय? मूळ डेव्हलपर चिडले ते बरोबरच होतं. कापलेल्या आवृत्तीला नवं नाव द्यायचं, चालू असलेल्याला हात लावायचा नाही. तरी हे भांडण सगळ्यांसमोर झालं, कुणालाही वाचता आलं, म्हणून माझा भरवसा वाढलाच.

घ्यायचं असेल तर गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. 2023 मध्ये कीपास या याच घराण्यातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या नावाने हुबेहूब दिसणारी खोटी साइट अशाच जाहिरातीतून मालवेअर वाटत होती. पत्ता स्वतः टाइप करा: कीपासएक्ससी डॉट ऑर्ग (keepassxc.org).