टीबीचा कोर्स आणि माझे डोळे: एथॅम्ब्युटॉलचा अनुभव

मानेतल्या गाठी टीबीच्या निघाल्या आणि सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. वजन ५२ किलो, म्हणून रोज चार एकत्रित गोळ्या. एकेका गोळीत टीबीची चार औषधं, त्यातलं एक एथॅम्ब्युटॉल, २७५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ११००. त्यातल्याच रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलं होतं. डोळ्यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

औषधाचा गुण आला. ताप गेला, भूक लागायला लागली, गाठी बसल्या.

मी शिवणकाम करते. चौथ्या महिन्यात एका बाईंच्या डाळिंबी ब्लाउजला मी चॉकलेटी दोरा लावला. त्यांनी दाखवेपर्यंत मला काही वावगं दिसलंच नव्हतं. दारात, उन्हात दोन्ही रिळं शेजारी धरली, तरी रंग एकच! सुईत दोरा ओवायलाही वेळ लागत होता. मी मशीनचा दिवा बदलला, चष्म्याला दोष दिला. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणीही नाही. त्यामुळे तीन आठवडे वाया गेले.

नेत्रतज्ज्ञांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, निम्मे दिसलेच नाहीत. एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं, बहुधा दोन्ही डोळ्यांच्या, आणि लाल-हिरव्यातला फरक लवकर जातो. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. टीबीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तेवढं एकच औषध थांबवलं, बाकीची चालू ठेवली. हे त्यांनी ठरवलं, मी नाही. मनाने गोळ्या बंद केल्या तर औषधांना न जुमानणारा टीबी उलटू शकतो.

दीड महिन्यात सुई ओवता यायला लागली, तीन महिन्यांनी डाळिंबी पुन्हा डाळिंबी दिसला. सगळ्यांची नजर अशी परत येत नाही, काहींची कायमची अधू राहते.

हे औषध वाईट नाही, मी बरी झाले ती या कोर्समुळेच. पण पहिली गोळी घेण्याआधी नजर आणि रंगांची तपासणी मागून घ्या, किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं आणि लाल तारखा वाचा. कालच्यापेक्षा फिकं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घरात लहान मूल हे औषध घेत असेल तर ते स्वतःहून सांगणार नाही. त्याला लाल-हिरवे मणी वेगळे करायला बसवा आणि शेजारी बसून बघा.