‘तीस राज्यांत चालणारं’ पिस्तुलाचं परमिट : अमेरिकेतल्या मराठी घरांनी हे वाचाच

अमेरिकेत दागिन्यांचं दुकान, लिकर स्टोअर, गॅस स्टेशन किंवा मोटेल चालवणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. ‘नॉन-रेसिडेंट कन्सिल्ड कॅरी परमिट (आपण राहत नाही त्या राज्याचं, पिस्तूल लपवून जवळ बाळगायचं परमिट) काढून देतो, एकदा काढलं की तीस राज्यांत बिनधास्त पिस्तूल जवळ बाळगा’ असं सांगत एक माणूस न्यू जर्सीत आपल्याच ओळखीपाळखीत फिरतोय. आमच्या घरातल्या तिघांकडून त्याने माणशी ४५० डॉलर उकळले. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण त्याच्या शब्दावर विसंबून आमची माणसं पुढे गेली असती, तर एक जण तुरुंगात आणि दुसरा भारतात परत, अशी वेळ आली असती. म्हणून गप्प बसवत नाही.

आमचं दागिन्यांचं छोटं दुकान आहे. हिशेब मी बघते, माल घेऊन प्रदर्शनांना माझे दीर जातात, कधी पेनसिल्व्हेनियात, कधी थेट व्हर्जिनियात. गाडीत लाखाच्या घरातला माल आणि सोबत दुसरं कोणी नाही. ओळखीतल्या एका दुकानदाराला पार्किंगमध्ये लुटलं, तेव्हापासून भावजींच्या डोक्यात पिस्तुलाचा विषय होता. हा माणूस मंडळातल्या कोणाच्या तरी ओळखीने आला. शुद्ध मराठी, बोलायला मिठ्ठास, ‘वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका’ असं दर दोन वाक्यांमागे. मला पटावं म्हणून म्हणाला, ‘आपल्याकडे ट्रकला नॅशनल परमिट असतं ना? एकदा काढलं की देशभर गाडी फिरते. हे तसंच.’

इथेच खरी मेख आहे. पिस्तुलाला असं देशभराचं परमिट अमेरिकेत नाहीच. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि दुसऱ्या कोणत्या राज्याचं परमिट मानायचं याची यादीही प्रत्येक राज्य आपली आपण ठरवतं. व्हर्जिनिया, यूटा, ॲरिझोना, फ्लोरिडा, न्यू हॅम्पशायर ही राज्यं बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांनाही परमिट देतात, आणि ते इतर काही राज्यांत चालतं, हे खरं आहे. त्याने एवढंच सांगितलं. थाप पूर्ण खोटी असती तर पहिल्याच दिवशी पकडली गेली असती, अर्धी खरी होती म्हणून पचली.

न सांगितलेलं असं की न्यू जर्सी कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. न्यू यॉर्क मानत नाही, मेरीलँडही मानत नाही. आता भावजींचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. घर आणि दुकान न्यू जर्सीत, तिथून टर्नपाइकने खाली, डेलावेअर ओलांडून आय-९५ वरून मेरीलँड, मग व्हर्जिनिया. म्हणजे व्हर्जिनियाचं अस्सल नॉन-रेसिडेंट परमिट खिशात असतं तरी ते घरातून निघताना बेकायदा, मेरीलँडमध्ये बेकायदा आणि परतताना पुन्हा दोन्हीकडे बेकायदा. पिस्तूल रिकामं करून, कुलपात, गाडीच्या डिकीत घालून एखाद्या राज्यातून पार व्हायची मुभा केंद्रीय कायदा काही अटींवर देतो. पण ते झालं सामान नेणं, कमरेला लावणं नव्हे.

न्यू जर्सीत परमिटशिवाय पिस्तूल बाळगणं हा सेकंड डिग्रीचा गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं, आणि बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी असलेल्या तिथल्या ग्रेव्ह्ज ॲक्टनुसार साधारणपणे पहिले ४२ महिने पॅरोलसुद्धा नाही. हे कागदावरचं नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातली एक तरुण आई अटलांटिक काउंटीत वाहतुकीच्या साध्या कारणावरून अडवली गेली. पेनसिल्व्हेनियाचं परमिट माझ्याकडे आहे, पिस्तूल गाडीत आहे, असं तिने आपणहून पोलिसांना सांगितलं. तिला तिथल्या तिथे अटक झाली. देशभर गाजावाजा झाला, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा ती पुरती सुटली. तिचं परमिट खरं होतं, हे लक्षात घ्या. आमच्या हातात तर खरं परमिटही नव्हतं.

परमिटसाठी त्याने घेतलेला प्रशिक्षणाचा क्लास म्हणजे हॉटेलच्या एका खोलीत लावलेला व्हिडिओ आणि त्यानंतर टिकमार्क करायची प्रश्नपत्रिका. पिस्तूल कोणी हातात धरलं नाही, ‘रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नंतर जाऊ’ म्हणाला. शाई लावून दहा बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले, ग्रीन कार्ड, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्सच्या प्रती घेतल्या, सोशल सिक्युरिटी नंबर फॉर्मवर लिहून घेतले. अर्ज तो भरणार, सरकारी फी त्याच्या पॅकेजात. काही आठवड्यांनी पाकिटातून कार्डं आली.

ती कार्डं मी नीट पाहिली, कारण दुकानाच्या खर्चात पावती लावायची होती. जाड प्लॅस्टिक, वर पंख पसरलेला गरुड, मागे अमेरिकेचा झेंडा, भावजींचा फोटो, कोपऱ्यात चमचमणारा होलोग्रॅम आणि ठळक अक्षरांत ‘मल्टी-स्टेट’. कुठल्या राज्याने दिलं, कोणत्या अधिकाऱ्याची सही, परमिट नंबर काय, यातलं काहीच नाही. कार्ड उलटं केलं. मागे खालच्या कडेला करड्या रंगात, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतील इतक्या बारीक अक्षरांत एक ओळ होती : हे प्रशिक्षण पूर्ण केल्याचं कार्ड आहे, शासकीय परवाना नाही.

भावजींनी व्हर्जिनिया स्टेट पोलिसांना फोन लावला. मी शेजारीच बसले होते. त्यांच्या नावाचा अर्जच तिथे आलेला नव्हता. फोनवरच्या बाई शांतपणे सगळं सांगत होत्या. अर्ज थेट त्यांच्याकडे करायचा, फी १०० डॉलर, मध्यस्थाची गरज नाही. आणि १ जानेवारी २०२१ पासून व्हर्जिनियात व्हिडिओवरचं किंवा ऑनलाइन प्रशिक्षण चालतच नाही, प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. म्हणजे त्याने अर्ज खरोखर पाठवला असता तरी तो नामंजूर झाला असता. त्या तारखेच्या आधी ऑनलाइन प्रमाणपत्रं विकायचा मोठा बाजार होता. कायदा बदलला, पण असली माणसं जुनाच माल खपवतायत.

आता त्या तिघांतल्या आमच्या भाच्याबद्दल. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याचा पासपोर्ट आणि व्हिसाचा शिक्का या माणसाने स्वतःच्या हाताने स्कॅन केला, म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तरीही ४५० डॉलर घेतले. केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायचीच मनाई आहे, परमिट तर लांबच. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही यात येतं. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे. कायद्यात मोजके अपवाद आहेत, राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक. आमच्या या भामट्याने तोच धागा पकडून भाच्याला ‘हंटिंग लायसन्सचे वेगळे दोनशे’ सांगितले होते. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या अपवादावर पाऊल टाकू नका. आपली मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. असल्या एका गुन्ह्याने ती रांग तर जातेच, देशही सोडावा लागू शकतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना बंदूक बाळगता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले तर त्यांच्यावरही हद्दपारीची टांगती तलवार येते. रेंजचा कार्यक्रम ‘नंतर’वर ढकलला गेला, नाहीतर भाचा मित्रांसोबत फोटो काढत पिस्तूल चालवून मोकळा झाला असता, हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

आणि सगळ्यांत वाईट प्रकार शेवटी आला. भावजींना तो हळूच म्हणाला, ‘पिस्तुलाचं पण बघतो. पेनसिल्व्हेनियात माझा माणूस आहे, तो त्याच्या नावावर घेऊन देईल.’ दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे, त्यालाही १५ वर्षांपर्यंत शिक्षा. परराज्यातल्या दुकानातून हँडगन थेट घरी आणता येत नाही, ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडेच यावी लागते. असं काही तुमच्या कानावर पडलं तर तिथल्या तिथे उठा आणि निघा.

न्यू जर्सीत कायदेशीर मार्ग आहे, आणि तो आपल्या गावच्या पोलीस ठाण्यातून जातो. आधी फायरआर्म्स आयडी कार्ड, मग पिस्तूल विकत घ्यायचं परमिट, मग जवळ बाळगायचं परमिट. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ब्रुएन निकाल आला, तेव्हापासून ‘मला खास गरज आहे’ हे सिद्ध करावं लागत नाही. त्यानंतर डिसेंबरमध्ये राज्याने नवे नियम केले. कॅरी परमिटची फी २०० डॉलर, नात्यात नसलेल्या चार जणांचे संदर्भ, प्रत्यक्ष गोळ्या झाडून दाखवायचं प्रशिक्षण, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. कटकट आहे, वेळ लागतो, पण कागद खरा मिळतो. तरीही कुठे नेता येतं आणि कुठे नाही याची यादी लांबलचक आहे, ती आधी वाचा. बाहेरच्या राज्याचं परमिट हवंच असेल तर त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरून सुरुवात करा. यूटामध्ये प्रशिक्षक राज्याच्या नोंदीतलाच लागतो, फ्लोरिडात प्रशिक्षकाने तुम्हाला प्रत्यक्ष गोळी झाडताना पाहिलेलं असावं लागतं. आणखी एक गोष्ट हे विक्रेते कधीच सांगत नाहीत : शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायची केंद्रीय सवलत त्याच राज्याने दिलेल्या परमिटला आहे, बाहेरच्या परमिटला नाही. गावातून गाडी चालवताना शाळेपासून १००० फूट लांब राहून दाखवा बघू.

आणि ‘तीस राज्यां’चं म्हणाल, तर २०२४ पर्यंत २९ राज्यांनी बहुतेक प्रौढांसाठी परमिटची अटच काढून टाकली आहे. जिथे परमिट लागत नाही तिथलं परमिट आणि जिथे लागतं तिथे न चालणारं परमिट, असा हा सौदा.

पैसे आम्ही झेल (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने पाठवले होते. बँकेने हात वर केले, ‘तुम्ही स्वतःच मंजूर केलेला व्यवहार आहे’ म्हणून. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान तक्रार करून अडवता आले असते. त्या माणसाचा फोन आता लागत नाही. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवली आहे, स्थानिक पोलिसांनाही सगळे मेसेज दिले आहेत. पण त्या माणशी साडेचारशेपेक्षा मला त्याच्याकडे गेलेल्या कागदांची जास्त धास्ती आहे. ठसे, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर, सगळं एका भामट्याच्या लॅपटॉपवर आहे. तिघांचंही क्रेडिट आम्ही इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट संस्थांकडे फ्रीझ केलं, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्याला सहज कर्ज काढता येऊ नये. २०१८ पासून हे फुकट आहे आणि ऑनलाइन काही मिनिटांत होतं. भावजी सध्या प्रदर्शनाचा माल विमा उतरवून आधीच पाठवतात आणि स्वतः रिकाम्या गाडीने जातात.

ज्यांच्याकडे गरुडाचं असं कार्ड आलं आहे त्यांनी ते फेकू नका, तक्रारीसोबत पुरावा म्हणून लागतं. त्याच्या भरवशावर पिस्तूल घरात आलं असेल तर ते गाडीत घालून कुठे न्यायला जाऊ नका, आधी फौजदारी वकिलाला फोन करा. घरात कोणी व्हिसावर असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही. आणि त्याला पैसे दिले असतील तर लाजून गप्प राहू नका, तक्रार करा. एकट्या आमच्या तक्रारीने तो सापडेल असं वाटत नाही, दहा घरांच्या आल्या तर पोलिसांना त्याच्यामागे लागावंच लागेल.